किलोला ११५ रुपयांचा भाव बघून १०० माद्यांचा फार्म टाकायचा का? वराहपालनातलं एक प्रकरण

पुणे-सातारा पट्ट्यातल्या एका जोडप्याचं हे प्रकरण आहे. नावं आणि गाव देत नाही, आकडे त्यांच्या वहीतले आहेत पण जवळच्या पूर्ण आकड्यात घेतलेत. मी पशुवैद्यक आहे, त्यांच्या फार्मवर पहिल्यापासून जातोय त्यामुळे यातले बरेच निर्णय समोर बसून झालेले आहेत. लिहायचं कारण एवढंच की गेल्या काही वर्षांत बरीच तरुण पोरं "डॉक्टर, डुक्कर फार्मला किती सुटतं" असं विचारत एक प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन येतात आणि त्या रिपोर्टमध्ये भावाचा एकच आकडा असतो, वरचा.

पार्श्वभूमी

भाऊंची तीन एकर कोरडवाहू. आधी गाई होत्या, दुधाला भाव नाही म्हणून कमी केल्या आणि २०१८ ला १२ माद्या आणि १ नर घेऊन वराहपालन सुरू केलं, सगळा लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा क्रॉस माल. गावात सुरुवातीला लोक बरंच बोलले, नातेवाईक जेवायला यायचे बंद झाले, ग्रामपंचायतीच्या नाहरकत दाखल्यासाठी खूप हेलपाटे मारावे लागले. हा त्रास कुठल्याच रिपोर्टात नसतो पण या धंद्यात येणाऱ्याने तो धरूनच चालावं.

फार्म चालायचा तो हॉटेल वेस्टवर, म्हणजे हॉटेल-कॅन्टीनच्या उरलेल्या अन्नावर. जवळच एमआयडीसी, तिथली तीन कॅन्टीन, हायवेवरचे ढाबे आणि एक मेस. भाऊ सकाळी टेम्पोत निळे ड्रम टाकून निघायचे आणि अकराच्या आत शेडवर परत. ताई, म्हणजे त्यांची बायको, वही ठेवायच्या. कुठल्या मादीला कधी नर दाखवला, किती पिल्लं झाली, किती दबून मेली, किती वजनाला माल गेला आणि खरेदी करणाऱ्या शेठनी वजनातून किती कापले, सगळं त्या वहीत. पुढचा प्रत्येक बरा निर्णय त्या वहीमुळे झालाय असं माझं स्पष्ट मत आहे.

वेस्टचं महत्त्व कळायला साधं गणित बघा. तयार खाद्यावर डुक्कर वाढवलं तर माद्यांचं खाद्य धरून एक किलो वजनामागे साडेतीन किलोच्या वर खाद्य जातं. २०२२ च्या सुरुवातीला आमच्याकडे मिक्स खाद्य २६ रुपयांच्या आसपास पडत होतं, म्हणजे ९०-९५ रुपये नुसतं खाद्यच. वेस्टवर माल उशिरा तयार होतो, चरबी जास्त धरतो, पण किलोला ७०-७५ मध्ये बसतो. महाराष्ट्रातले छोटे फार्म टिकून आहेत ते या फरकावरच.

मग २५ मार्च २०२० चा लॉकडाऊन. कॅन्टीन बंद, ढाबे बंद, आठवड्यात वेस्ट शून्यावर. भाऊंनी शेजाऱ्यांचा न विकला गेलेला कोबी-टोमॅटो, गव्हाचा कोंडा, थोडा मका असं करून दिवस काढले आणि चार माद्या मिळेल त्या भावात विकल्या, राहिल्या आठ. पट्ट्यातल्या बऱ्याच जणांनी शेडच रिकामी केली.

आणि इथूनच पुढच्या तेजीची सुरुवात झाली. मादी आज नराला दाखवली तर ११४ दिवसांनी विते, आमच्याकडे म्हणतात तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, आणि ते पिल्लू विक्रीला यायला अजून सात-आठ महिने. म्हणजे आजचा निर्णय बाजारात दिसायला जवळजवळ वर्ष लागतं. २०२० मध्ये माद्या गेल्या त्याची टंचाई २०२१ च्या अखेरीस जाणवायला लागली, तोवर हॉटेलंही सुरू झाली होती आणि जो माल जिवंत वजनाच्या किलोला ८५ रुपयांनी जायचा तो ११५ ला शेडवरून उचलायला लागले.

अडचण काय होती

२०२२ च्या सुरुवातीला भाऊंकडे एक एजंट आला. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून उद्योजकता योजना आली होती, १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख अनुदान. योजना खरी आहे, चांगलीही आहे. पण रिपोर्टमध्ये काय होतं तर दर मादीमागे वर्षाला २० पिल्लं विक्रीला, १०० किलो वजन, भाव १३० आणि तो पाचही वर्षं १३०. शेठही म्हणत होते, "भाऊ, टाका मोठा फार्म, सगळा माल मी उचलतो, दिवाळीपर्यंत १३० पक्का."

भाऊंची मनापासून इच्छा होती. आठ माद्यांवर दोन पोरांचं शिक्षण होत नाही हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ताईंनी मला बोलावलं आणि वही पुढे ठेवली, "डॉक्टर, आमच्याकडे एका मादीची वर्षाला पंधराच जातात हो, वीस कुणाच्या फार्मवर जातात?"

मग आम्ही बसून परत हिशोब केला. १०० माद्या, १५०० डुकरं, ९५ किलोने वर्षाला १ लाख ४२ हजार किलोच्या आसपास. एवढ्या जनावरांना पुरेल इतकं वेस्ट कुठून आणणार, म्हणजे तयार खाद्य आलंच. खाद्य ९४, मजुरी-औषधं-लाइट १२, बँकेचा हप्ता किलोमागे ६ च्या आसपास, एकूण ११२. भाव १३० राहिला तर वर्षाला २५ लाख सुटतात, यात खोटं काही नाही. भाव ११० झाला की घरातून पैसे घालायचे. आणि ९० झाला तर वर्षाला ३१ लाख खड्डा. याच गावात याच शेठकडे दोन-अडीच वर्षांपूर्वी ८५ ला माल दिलेला होता, वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटली. चार-पाच महिन्यांच्या माद्या विकत आणल्या तर त्या आठ महिन्यांच्या झाल्यावर भरवायच्या, मग गाभणकाळ, मग पिल्लं वाढवायची, पहिला पैसा हातात यायला सव्वा वर्ष. सुरुवातीला खाद्याचं बिल महिन्याला दोन लाख आणि शेवटी शेड भरल्यावर ८-१० लाखांवर. रिपोर्टमध्ये खेळतं भांडवल धरलं होतं दोन महिन्यांचं! अनुदानही खर्च झाल्यावर टप्प्याने येतं आणि खेळत्या भांडवलाला ते मिळतच नाही.

समोर कोणते पर्याय होते

एक तर १०० माद्यांचा पूर्ण प्रोजेक्ट. दुसरा, आहे तसंच आठ माद्यांवर राहायचं, धोका नाही पण भागतही नाही. तिसरा पर्याय भाऊंच्या मेव्हण्याने सुचवला, माद्या ठेवायच्याच नाहीत, दूध तोडलेली पिल्लं विकत आणून फक्त वाढवायची, भाव पडला की पुढची बॅच घ्यायची नाही. पैशाच्या बाजूने हा पर्याय खरंच चांगला आहे कारण मंदीत थांबता येतं, माद्यांच्या फार्मला थांबता येत नाही. पण बाहेरून दर बॅचला पिल्लं आणणं म्हणजे आजार विकत आणणं. आफ्रिकन स्वाइन फीवर (एएसएफ) २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये भारतात पहिल्यांदा सापडला, २०२१ ला मिझोरममध्ये हजारोंनी डुकरं गेली. माणसाला तो होत नाही पण डुकरात जवळजवळ सगळा कळप झोपतो, उपचार नाही, लस आपल्याकडे नाही. म्हणून मी या पर्यायाला ठाम नाही म्हणालो.

चौथा, घरच्याच चांगल्या माद्यांच्या पिल्लांतून निवड करत टप्प्याने वाढवायचं आणि वेस्ट जेवढं मिळतं तिथे थांबायचं.

काय ठरलं आणि काय केलं

आधी वेस्ट मोजलं. टेम्पो रोज सव्वा टनाच्या आसपास आणत होता, मोठं डुक्कर दिवसाला सहा-आठ किलो खातं, म्हणजे १६०-१७० मोठी जनावरं. लहान पिल्लं तीन महिन्यांपर्यंत तयार खाद्यावर धरली तर २४ माद्यांचा कळप यात बसतो. आकडा तिथेच ठरला, २४. बाजारात भाव काय चाललाय याचा त्या आकड्याशी काही संबंध ठेवला नाही, आणि अट अशी घातली की ९० च्या भावातही फार्म चालला पाहिजे.

भाऊ नाराज झाले हे सांगायला हवं. त्यांच्या ओळखीच्या दोघांनी त्याच वर्षी तालुक्यात १०० चे शेड बांधायला घेतले होते आणि रोज जाता-येता ते दिसायचे.

मग वेस्ट उकळायचा विषय निघाला आणि त्यावर घरात खरं भांडण झालं. हॉटेलच्या उरलेल्या अन्नात पोर्कचा तुकडा असेल तर त्यातून एएसएफचा विषाणू थेट शेडमध्ये येतो, म्हणजे ज्या वेस्टवर नफा आहे तेच आजाराचं दारही आहे. उकळी आल्यावर अर्धा तास ठेवलं तर विषाणू मरतो. पण सव्वा टन रोज उकळायचं म्हणजे दोन मोठ्या कढया, जळण आणि रोजचे दोन तास, किलोमागे दोनेक रुपये खर्च वाढणार. भाऊ म्हणाले, "आपल्याकडे कुठे आलाय आजार?" ताई म्हणाल्या, "अहो, आल्यावर कढई घेऊन काय करायचं?" कढया आल्या.

दुसरा नियम, शेठची गाडी शेडपर्यंत येणार नाही, माल रस्त्याला आणून काट्यावर चढवायचा. गाड्या दहा फार्म फिरून येतात, मागच्या फार्मचं शेण चाकाला असतं. शेठ चिडले, दोन वेळा गाडी रिकामी परत नेली, मग गरज त्यांनाही होती म्हणून आले. रस्त्यावर काटा आल्याचा एक फायदा कुणी धरलाच नव्हता, पोटातल्या खाद्याच्या नावाखाली डुकरामागे तीन किलो कापले जायचे ते ताई रात्रीचं खाणं बंद ठेवून समोर उभ्या राहून मोजायला लागल्यावर एकावर आले.

ऑगस्ट २०२२, विकायचं की धरून ठेवायचं

मे मध्ये १२० होता. जुलैत केरळने बाहेरून डुकरं आणायला बंदी घातली आणि त्याच महिन्यात वायनाडमध्ये एएसएफ निघाला. ऑगस्टमध्ये पंजाबमध्येही निघाला. ईशान्येतली राज्यं तर वेळोवेळी बाहेरच्या जिवंत डुकरांवर बंदी घालतच असतात. अशा बंदीने डुकरांच्या गाड्या थांबल्या की तिकडे जाणारा माल सगळा मुंबई-पुणे-गोव्याच्या अंगावर येतो. त्यात श्रावण, मग गणपती, हॉटेलांची मागणी कमी. ऑगस्टच्या अखेरीस शेठनी ९० सांगितला, तेही उधारीवर.

शेडमध्ये ८४ डुकरं तयार, सरासरी ९५ किलो. भाऊंना सगळी ख्रिसमसपर्यंत धरायची होती, मला अर्धी तरी काढायची होती कारण शेडमध्ये जागाच नव्हती, गर्दी झाली की मारामाऱ्या, लंगडणं, न्यूमोनिया. शेवटी ४० रोखीने ९० ला दिली, ४४ ठेवली.

ठेवलेल्यांचा हिशोब ताईंच्या वहीत असा आहे. तीन महिन्यांनी वजन १२८, दोन मेली. भाव गोव्याच्या एका खरेदीदाराकडून १०८ मिळाला, चरबीचे सहा कापून १०२. मुंबईवाला यापेक्षा जास्त कापत होता, गोव्यात चोरीसला, म्हणजे तिकडच्या पोर्क सॉसेजला, थोडी चरबी लागतेच म्हणून तिकडे जड माल खपतो. डुक्कर १३ हजारांना गेलं, ऑगस्टमध्ये गेलं असतं तर साडेआठ हजार. मधला खर्च वेस्टवर दिवसाला ३० प्रमाणे २७००. म्हणजे डुकरामागे १८०० राहिले आणि मेलेली दोन वजा करून एकूण ५५-६० हजारांचा फायदा.

आता हेच तयार खाद्यावर करून बघा. रोज तीन किलो, ९० दिवस, सात हजारांच्या वर खर्च आणि वाढीव उत्पन्न साडेचार हजार. १०० किलोच्या पुढे डुक्कर खातं भरपूर आणि वाढते ती चरबी. म्हणजे मंदीत माल धरून ठेवायचा हक्क स्वस्त खाद्यवाल्यालाच आहे, बाकीच्यांनी वजन झालं की पडेल त्या भावात काढावा, मन घट्ट करून.

खाद्याचा धक्का

भाव २०२३ मध्ये हळूहळू सावरला पण दुसरी बाजू बिघडली. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांवर गेलं होतं आणि सरकारला १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी द्यावी लागली होती, ते दिवस पोल्ट्रीवाल्यांना आणि आम्हाला चांगले आठवतात. यावेळी पाळी मक्याची. इथेनॉलसाठी मका जायला लागला, डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधनं आली आणि मक्याची ओढ अजून वाढली. २०२४ मध्ये २२२५ चा हमीभाव सोडून मका बऱ्याच ठिकाणी २४०० च्या वर, आणि सोयाबीन मात्र ४८९२ हमीभाव असताना त्याच्या बरंच खाली.

भाऊंनी मका कमी केला, तांदळाची कणी आणि कोंडा वाढवला आणि इथेनॉल कारखान्यातून निघणारं डीडीजीएस, म्हणजे धान्याचा सुकवलेला चोथा, घेतलं. डीडीजीएस वाईट नाही, पण मक्यातलं बुरशीचं विष त्यात दाटून येतं. स्वस्तात मिळाला म्हणून एक ओलसर लॉट घेतला आणि काही आठवड्यांत माज नसलेल्या तरण्या माद्यांच्या योनी सुजलेल्या दिसायला लागल्या, भरवलेल्या पाच माद्या उलटल्या, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आल्या. लॉट बंद केल्यावर सुधारलं, पण त्या पाच माद्यांचे दोनेक महिने गेलेच.

निकाल

कळप २४ चा झाल्यावर २०२५ पर्यंत वर्षाला साधारण ३४० डुकरं गेली, सरासरी ९३ किलोने, उत्पादन खर्च ८० च्या आसपास आणि सरासरी भाव १०६. वर्षाला आठ लाखांच्या आसपास राहतात, यात दोघांची पूर्ण वेळेची मजुरी आहे हे विसरू नका. मोठी पोरगी नर्सिंगला आहे.

तालुक्यातल्या त्या दोन मोठ्या शेडपैकी एक २०२४ ला बंद झालं. दुसरं चालू आहे आणि चांगलं चालू आहे, कारण त्याच्याकडे स्वतःचा बागायती मका आणि घरची चक्की आहे. म्हणजे १०० माद्या चूकच असं मी म्हणणार नाही, खाद्य कुठून येणार याचं उत्तर त्याच्याकडे होतं.

वेगळं काय करता आलं असतं

लॉकडाऊनमध्ये विकलेल्या चार माद्या त्यांच्याकडच्या सगळ्यात चांगल्या आया होत्या, वजनदार म्हणून शेठनी त्याच मागितल्या. विकायच्याच होत्या तर वहीत बघून कमी पिल्लांच्या काढायला हव्या होत्या. गोव्याचा खरेदीदार मंदी आल्यावर शोधला, तो आधीच जोडलेला असता तर ऑगस्टमध्ये ९० ऐवजी नक्की जास्त मिळाले असते, मंदीत नवीन माणूस जोडायला गेलं की तो आपली अडचण ओळखतो. डीडीजीएसचा नमुना लॅबला द्यायला हवा होता, एका उलटलेल्या मादीच्या नुकसानीपुढे तो खर्च काहीच नाही. आणि वेस्टचा करार तोंडी होता. २०२४ मध्ये एका कॅन्टीनने स्वतःचा बायोगॅस बसवला, मोठ्या आस्थापनांना ओला कचरा जागेवर जिरवायला सांगितलं जातंय त्यामुळे हे वाढतच जाणार, आणि भाऊंना ते कळलं ड्रम रिकामे परत आले त्या दिवशी.

पुढे भाव कसा राहील

२०१९ च्या पशुगणनेत देशात ९०.६ लाख डुकरं होती, २०१२ पेक्षा १२ टक्के कमी, आणि निम्म्याच्या आसपास ईशान्येत. पोर्कची मोठी मागणीही तिकडेच. तिकडे एएसएफ थांबलेला नाही, २०२५ मध्येही मिझोरम-आसाममध्ये डुकरं मेली. तिकडे माल कमी म्हणजे आपल्याला भाव जास्त असं वाटतं, पण ते गाड्या सुरू असतील तरच, एक बंदी आली की तोच तुटवडा आपल्याकडे मंदी होऊन येतो. म्हणून आमच्या पट्ट्यात ९० ते १२५ एवढी रेंज धरूनच कुठलाही हिशोब करावा असं माझं मत आहे. चीनमध्येही २०१८ ला एएसएफ आल्यावर भाव आभाळाला टेकले, सगळ्यांनी फार्म वाढवले आणि २०२१ मध्ये भाव एवढे कोसळले की सरकारला डुकराचं मांस विकत घेऊन साठवावं लागलं.

२०२५ च्या खरिपाचा माल आल्यावर मका परत उतरला, २४०० हमीभावाच्या बराच खाली विकला गेला, आणि परत नवीन शेडचे पाये खोदलेले दिसायला लागलेत. आता भरलेल्या माद्यांचा माल पुढच्या वर्षी बाजारात येईल. भाऊंनी परवा विचारलं की २४ च्या ३५ करूया का. ताईंनी वेस्टचा आकडा काढला, कॅन्टीन गेल्यापासून टनाच्या खाली आलाय. तूर्त माद्या २४ च राहतील, पाच म्हाताऱ्या काढून घरच्या पाच तरण्या घ्यायच्या, आणि त्या पैशातून मक्याला कोरडं गोदाम बांधायचं, म्हणजे स्वस्त असेल तेव्हा सहा महिन्यांचा भरून ठेवता येईल.